डोळा का कान?

सरांच्या शोकसभेत मी इतके निरनिराळे सर ऐकले, की गेलेत ते नेमके कोणते, असा मला संशय यायला लागला.

पहिला वक्ता म्हणाला, सर रोज पहाटे गोदावरीत पोहायचे. सरांना पाण्याची एवढी धास्ती होती, की शाळेच्या हौदावर हात धुतानाही ते एका हाताने काठ धरून ठेवत आणि हात आळीपाळीने धूत. दुसरा म्हणाला, सर आयुष्यात कधी कुणावर रागावले नाहीत. हे सांगणाऱ्याच्याच पाठीवर सरांनी नकाशा टांगायची काठी मोडली होती. ती मोडली तेव्हा मी त्याच बाकावर, पुढचा नंबर आपला लागू नये म्हणून, अशोकाच्या शिलालेखांत तोंड खुपसून बसलो होतो. हसनाबादहून खास गाडी करून आलेल्या एका गृहस्थांनी सर मूळचे हसनाबादचे असल्याचं जाहीर केलं. त्यावर अंकुशनगरचे एक गृहस्थ ताडकन उठले आणि म्हणाले, "छ्या! सर आमच्याकडचे. त्यांच्या मावशीचं घर अजून हाय."

मागच्या रांगांत आम्ही जुने विद्यार्थी बसलो होतो. कुणाला टक्कल, कुणाला ढेरी, कुणाला दोन्ही. प्रत्येक वक्ता उठला की आम्ही निमूटपणे आपापला कान धरत होतो. अध्यक्षांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, गुरूच्या आठवणीने एवढाली माणसं कान धरून बसली आहेत. ते गहिवरले आणि त्यांचं भाषण त्यामुळे लांबलं. माझी पाळी आली तेव्हा त्यांना अंबडला दुसऱ्या शोकसभेला जायचं होतं. म्हणून जे तिथे सांगायचं राहिलं ते इथे सांगतो.

आधी कानाचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही गहिवराल.

आमचं गाव वडीगोद्रीच्या अलीकडे, हायवेपासून आत. सर आमच्या शाळेत इतिहास शिकवायला आले तेव्हा मी पाचवीत होतो. उंच, काटकुळे, चष्मा दोरीने गळ्यात, आणि काखेत बाराही महिने छत्री. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. आमच्यासमोर उभे राहिले आणि एक बोट डोळ्याला लावलं. "हे म्हंजे मी स्वतः बघितलं." मग कानाची पाळी धरली. "हे म्हंजे मी दुसऱ्याकडून ऐकलं." मग कपाळावर टिचकी मारली. "हे म्हंजे मी अंदाज बांधला." आणि शेवटी दोन्ही हात पुढे करून तळवे आभाळाकडे उघडे केले. "आन् हे म्हंजे, मला माहीत न्हाई. या वर्गात जो कोणी तोंड उघडंल, त्यानं आधी हात हलवायचा."

झालं. त्या दिवसापासून आमचा वर्ग बाहेरून बघणाऱ्याला मुक्याबहिऱ्यांची शाळा वाटायचा.

"इतिहासाला पाठांतर लागत न्हाई," सर म्हणायचे, "लाज लागती. न बघितलेलं बघितलं म्हणायची लाज."

एकदा माझा मित्र उशिरा आला.

"सर, सायकल पंक्चर झाल्ती."

"डोळा का कान?"

"डोळा, सर. माझीच सायकल."

"मंग कुणी काढलं पंक्चर?"

"सर, दुकान बंद होतं."

"म्हंजे निघालं न्हाई."

"न्हाई, सर."

सर खिडकीपाशी गेले. सायकल बाहेर लिंबाखाली उभी होती, दोन्ही चाकं टम्म. सरांनी सगळ्या वर्गाला उठवून खिडकीशी आणलं, सायकल दाखवली आणि मित्राला हात जोडले. "बसा राजे. बखर कशी वाचायची, ते मला आज चार तास लावून शिकवायचं होतं. तुमी दोन मिनिटांत शिकवलं."

परीक्षेत ते "माहीत नाही" या उत्तराला पूर्ण मार्क देत. ही बातमी मला कळली तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला. मी अख्ख्या पेपरभर, सुंदर अक्षरात, प्रत्येक प्रश्नाखाली "माहीत नाही" लिहून वर्गातून सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो आणि लिंबाखाली उभा राहून आतल्या कष्टाळू जिवांना वाकुल्या दाखवल्या. पेपर परत आला त्यावर भोपळा होता. खाली लाल शाईत लिहिलं होतं, "हे फुकटचं माहीत नसणं आहे. कष्ट करून मिळव." मला वाटलं सर गंमत करतात. आपण कुठे कुठे शोधलं, कुणाकुणाला विचारलं, त्यांचं एकमेकांशी कुठे जुळलं नाही, हे सगळं मांडून शेवटी जो तळवे उघडे करील त्यालाच ते मार्क मिळत. असे मार्क मिळवण्यापेक्षा पाठ करून पास होणं फार सोपं होतं. पण तोवर आम्हाला चटक लागली होती.

चटक गावालाही लागली. एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले. मध्यस्थ म्हणाला, मुलगा सरकारी नोकरीत आहे. तर मुलीची धाकटी बहीण, आमच्याच वर्गातली, चहाचा ट्रे खाली ठेवून म्हणाली, "डोळा का कान?" मध्यस्थाला वाटलं पोरीला काही दुखतंय. पण मुलीच्या बापाला अर्थ माहीत होता. त्याने चौकशी केली आणि ते लग्न मोडलं. (हे कान. पण ट्रे घेऊन गेलेली मला पुढे स्वतः सांगत होती, तेव्हा बऱ्यापैकी जवळचा कान.)

सर एकटे होते. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती, कारण ते लगेच विचारत, "हे कळून तुझा कोणता काळ उजळणार हाय?" गावात ते खालाच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे.

खाला म्हणजे आमच्या गावची बांगडीवाली. चौकात तिचं मनियारीचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीला सरांची खोली. मधल्या भिंतीत एक बुटकी खिडकी होती. रोज सकाळी खाला त्या खिडकीवर बांगड्यांनी टकटक करायची, फळी सरकायची आणि चहाचा ग्लास पलीकडे जायचा. सर तिला आपा म्हणायचे, ती त्यांना मास्तर. चहासोबत दोघांचं ठरलेलं भांडण व्हायचं.

"मास्तर, छत्री घेके काय को फिरतेत? ऊन है, पाऊस न्हाई."

"आपा, पाऊस येणार न्हाई, हे डोळा का कान?"

"मेरा सर!" खाला डोकं धरून म्हणायची आणि फळी बंद करायची. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक.

त्या दुकानात आणखी एक गोष्ट रोज घडायची आणि ती मी खूपदा स्वतः पाहिली. हैदराबादहून बांगड्यांचा माल आला की तो उर्दू वर्तमानपत्रांच्या कागदांत गुंडाळलेला असायचा. दुसरा कुणी दुकानदार ते कागद चुरगळून फेकील. खाला प्रत्येक तुकडा मांडीवर घेऊन तळहाताने सरळ करायची आणि वाचायची. फाटलेली जाहिरात, अर्धवट बातमी, कुणाच्या लग्नाची, कुणाच्या मयतीची. सगळं वाचून झालं की तुकडा घडी करून बाजूला ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "अब्बाचं नाव आलं तर?"

तिचे अब्बा निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत गावातून गेले होते. त्याआधी रझाकारांनी लोकांना छळलं होतं, आणि राज्य पडल्यावर त्या रागात ज्यांचा कशाशीच संबंध नव्हता अशांच्या घरांवरही लोक चालून गेले. बांगडीवाल्याचा कशाशी संबंध असणार? गावातल्या सगळ्या बाया त्याच्यासमोर हात पुढे करायच्या, एवढाच. तेव्हा गावातल्या आबा बागायतदारांच्या वडलांनी त्याला आपल्या कडब्याच्या गंजीत लपवलं, मग बैलगाडीत घालून जालन्याला नेलं आणि हैदराबादच्या रेल्वेत बसवून दिलं. ही गोष्ट आमच्या गावात पोरांना दुधाबरोबर पाजली जायची. गावाचा तो अभिमान होता. आणि खालाचं तर त्यावरच चाललं होतं. ती तेव्हा परकर सावरण्याच्या वयाची होती. अब्बा गाडीत बसले, म्हणजे पोचले. पोचले, म्हणजे कुठेतरी आहेत. पुढचं सगळं ती कागदाच्या तुकड्यांत शोधत होती.

मी नववीत असताना सरांनी टूम काढली, की गॅदरिंगला नाचगाण्याआधी वर्गाने गावाचा इतिहास वाचायचा. म्हाताऱ्या माणसांना विचारून तो आम्हीच गोळा करायचा, आणि स्टेजवर प्रत्येक वाक्य खुणेसकट म्हणायचं. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं असेल तर डोळा, त्याने ऐकलं असेल तर कान, आपण ताडलं असेल तर कपाळ. माझ्या वाट्याला आबा आले. आबा म्हणजे त्याच कुटुंबातले, गावातले मोठे बागायतदार आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष. बांगडीवाला गेला तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते.

त्यांनी सांगितलं ते मी दुसऱ्या दिवशी वर्गात करून दाखवलं. नुसतं सांगणं माझ्या स्वभावात नाही. मी टेबलावर चढलो, डस्टरचा आसूड केला, आबांसारखी मान तिरकी केली आणि आबांच्याच आवाजात सुरू केलं:

"मी बापाच्या मांडीला मांडी लावून बसल्यालो! मागं बांगडीवाला, घोंगडं पांघरून. अन् बैल अशे पळाले, अशे पळाले, मागं नुसता धुरळा! वळून बघतो तं गाव दिसंना!"

वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत.

"परत म्हण. मागं काय?"

"धुरळा, सर."

सरांनी छत्री टेबलावर ठेवली. मग एकेकाला उभं केलं. बाकीच्यांनी काय आणलं होतं? एकीची आजी तान्हं लेकरू घेऊन ओल्या ज्वारीत बसून राहिली होती, लेकरू पुढे पावसानेच आजारी पडलं. एकाच्या आजोबांची बैलगाडी ओढ्यात रुतली ती तिथेच सोडून ते पायी आले होते. एकाची पणजी सांगत होती, हप्ताभर चूल पेटली नाही, सरपण भिजलेलं.

"भादवा," सर स्वतःशीच म्हणाले. "काळं रान. चाक आसापर्यंत रुततंय. अन् धुरळा?"

वर्ग टाळ्या वाजवायच्या बेतात होता. एवढी मोठी शिकार आमच्या हाती कधी लागली नव्हती. पण सर खिडकीबाहेर बघत राहिले. तिथे आज सायकल नव्हती.

संध्याकाळी ते मला घेऊन आबांच्या ओट्यावर गेले. आबा सुपारी कातरत होते.

"आबा, एकच विचारायचं. धुरळा उडाल्ता का?"

"कसला धुरळा?"

"गाडीमागं."

अडकित्ता थांबला. "गुरुजी, तुमी इतिहास शिकवायला आलेत का पंचनामा करायला?"

"डोळा का कान, आबा?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "मी झोपल्यालो होतो. सकाळी उठलो तं गाडी दारात न्हवती. दोन-तीन दिसांनी बाप आला. म्हनला, बसवून दिलं. म्या बी तेच सांगत आलो."

"अन् धुरळा?"

"धुरळा माझा हाय," आबा म्हणाले.

आम्ही उठलो. आबांनी मागून हाक मारली. "गुरुजी, पर कडब्यात लपवला ते खरं हाय. त्यो डोळा. गरम भाकर मीच न्यायचो. बोटाला चटका बसायचा, तवा त्यो फुंकर घालायचा." आणि मग, आम्हाला नव्हे, सुपारीला सांगितल्यासारखं, "त्या दिसापासून बाप मरेस्तोवर कधी जालन्याला गेला न्हाई."

परत येताना मी सरांना विचारलं, "सर, मंग आता तिथं कान करू ना? आबानं बापाकडून ऐकलंय."

सर चालता चालता म्हणाले, "ज्या बोलण्यात एक धुरळा निघाला, त्याच्यात आणखी काय काय निघंल? कान न्हाई. दोन्ही हात."

माझ्या सरांची अख्ख्या आयुष्यातली मोठी चूक कुणी विचारली, तर ती हीच. त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळं नियमाने झालं होतं.

गॅदरिंगला खाला बायकांत पुढेच बसली होती. नाचणाऱ्या पोरींना बांगड्या तिने फुकट भरल्या होत्या, नवी ओढणी घेतली होती. अब्बाचं नाव माइकवर येणार होतं. माझा आवाज मोठा म्हणून ते वाक्य माझ्याकडे होतं.

"बांगडीवाल्यांना आबांच्या वडलांनी कडब्यात लपवून वाचवलं," मी म्हणालो आणि बोट डोळ्याला लावलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. खालाने ओढणीने डोळे टिपले.

"त्यानंतर त्यांना जालन्याला नेऊन रेल्वेत बसवलं, असं सांगतात," मी म्हणालो आणि दोन्ही तळवे उघडे करून पुढे धरले.

मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. एव्हाना गावाला खुणा तोंडपाठ होत्या, फोड करून सांगायची गरज नव्हती. खालाने माझ्या हातांकडे पाहिलं. मग स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. आणि तिने हळूच स्वतःच्या कानाची पाळी धरली. विचारत होती ती. डोळा नसेल, पण निदान कान तरी?

सरांनी मान हलवली. नाही.

आबा उठून गेले. पाठोपाठ त्यांची माणसं गेली. मग पोरींचा नाच झाला, बांगड्या छान वाजल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर टकटक झाली नाही. सर चहाशिवाय दुकानात गेले. हे मला सरांनीच पुढे सांगितलं, म्हणजे कान.

"आपा, मी एवढंच म्हणलो की माहीत न्हाई. पोचले न्हाईत, असं म्हणलो न्हाई."

खाला बांगड्यांचे जोड लावत होती. वर न बघता म्हणाली, "मास्तर, मेरे कने एकच गाडी थी. रोज अब्बा उसमें बैठते थे. वो बी तुमने रोक दी."

तिने खोली सोडायला सांगितलं नाही. भाडं घेत राहिली. पण खिडकीची फळी बंद झाली ती झालीच. आणि कागद? पुढच्या खेपेला हैदराबादचा माल आला, तेव्हा मी बहिणीच्या बांगड्या आणायला दुकानात गेलो होतो. खालाने कागद सोडवले, न बघता चुरगळले आणि चहाच्या स्टोव्हशेजारच्या डब्यात टाकले. हा डोळा.

शाळेने सरांचा इतिहास काढून घेतला आणि त्यांना कवायत दिली. ज्या माणसाची काखेतली छत्री चालतानाही सुटायची नाही, तो आम्हाला धावायला लावू लागला. आम्ही मैदानाला अर्धी चक्कर मारून पूर्ण मारली म्हणून सांगायचो. सर शिट्टी गळ्यात घालून लिंबाखाली उभे असायचे. ते विचारायचेच नाहीत, डोळा का कान. ते एकदा तरी विचारतील म्हणून आम्ही मुद्दाम वाटेल त्या थापा मारल्या. माझा तोच सायकलवाला मित्र म्हणाला, "सर, मी पळत पळत वडीगोद्रीला जाऊन आलो." सर म्हणाले, "बरं. पाणी पी."

पुढे पुष्कळ वर्षांनी, ते निवृत्त झाल्यावर, मी त्यांना म्हणालो, "सर, इतिहासाला लाज लागती असं तुम्ही म्हणायचे."

"लागतीच," ते म्हणाले. "पण समोर कोण बसलंय ते बी बघावं लागतं. ती कान मागत होती रे. कान खोटा न्हवता. आबानं बापाकडून ऐकलं, हे तर खरंच होतं. पण मला पोरांपुढं पक्कं दिसायचं होतं."

त्या गॅदरिंगनंतर सर सुट्टी लागली की हैदराबादला जायचे. निवृत्तीनंतरही, खोली तीच, आणि वर्षातून एकदा छत्री काखेत मारून हैदराबाद. गावाने ताबडतोब ठरवून टाकलं, की सरांचं तिकडे दुसरं बिऱ्हाड आहे. पहिलं नसताना दुसरं कसं, हे विचारायची शक्ती ज्या माणसाने गावाला दिली होती, त्याच्याच बाबतीत गाव ते विचारायला विसरलं.

माझं आता हायवेला बियाण्याचं दुकान आहे. धंद्याच्या कामाला एकदा मी हैदराबादला गेलो होतो आणि बायकोने बांगड्या सांगितल्या म्हणून चारमिनारजवळच्या बांगडीबाजारात शिरलो. तिथे, त्या लखलखाटात, मला आधी छत्री दिसली.

सर एका म्हाताऱ्या दुकानदारासमोर उभे होते. "जालन्याकडून आलेला कोणी मनियार?" ते विचारत होते. "पुराना. बहोत पुराना. बोटाला चटका बसला की फुंकर घालणारा."

"साहब," दुकानदार म्हणाला, "हर साल पूछते आप. बैठो, चाय पियो."

मला पाहून सर चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले. आम्ही तिघांनी चहा घेतला. दुकानाबाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "आपाला सांगू नको. मिळालं तर मी सांगीन. न्हाई मिळालं, तर तिला परत एकदा दोन्ही हात दाखवू का?"

मी सांगितलं नाही. माझ्यासारख्या बोलभांड माणसाने एवढी वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली, याचं श्रेय मला कुठल्याच सभेत कुणी देणार नाही. म्हणून ते मी इथेच घेऊन टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात सरांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जालन्याच्या भाच्याने त्यांना आपल्या घरी नेलं. मी बातमी घेऊन खालाच्या दुकानात गेलो. दुकान आता तिचा मुलगा बघतो, मोबाइलची कव्हरंही विकतो. खाला कोपऱ्यात खुर्चीवर बसून असते. तिने ऐकलं. मी निघालो, तर म्हणाली, "बेटा, मेरेकू लेके चल."

गाडीत मात्र मी तिला बांगडीबाजाराचं सांगून टाकलं. अंबड मागे पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग म्हणाली, "दरसाल?"

"दरसाल, खाला."

"लोकां तो बोलते थे, दुसरी रखी है." ती जराशी हसली. मग ओढणी तोंडावर ओढून घेतली आणि जालना येईपर्यंत तशीच बसली.

यापुढचं सगळं डोळा.

सर खाटेवर उशांना टेकून होते. चष्मा दोरीने गळ्यात होता, छत्री खाटेच्या लोखंडी दांडीला अडकवलेली. खालाला पाहून त्यांचा डावा डोळा भरून आला. उजव्याचं सांगता येत नाही. भाच्याने प्लास्टिकची खुर्ची दिली आणि चहा ठेवायला आत गेला.

"मास्तर," खाला म्हणाली, "घर के अंदर छत्री? डोळा का कान?"

सरांचा ओठ एका बाजूने हलला. ते हसत होते. पंखा फिरत होता. खाला पुढे वाकली.

"मिले क्या?"

सरांनी मान हलवली नाही. त्या एका मान हलवण्याचं काय झालं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचा डावा हात चादरीवरून सावकाश उठला आणि तळवा वर उघडला. मग त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पालथा पडला होता. त्यांनी जोर लावला. कपाळावर घाम आला, गळ्यातून घोगरा आवाज निघाला, हात हलेना. अर्धवट खूण सरांना कधी चालली नव्हती. अर्ध्या खुणेचे ते मार्क कापायचे.

भाचा धावत बाहेर आला. "मामा, काय पाहिजे? पाणी देऊ?"

"पानी न्हाई," खाला म्हणाली. "तू चहा आन."

तिने खुर्ची खाटेला लावली. हातातल्या बांगड्या मागे सारल्या आणि आपला उजवा हात सरांच्या डाव्या हाताशेजारी, कडेला कड लावून, तळवा वर करून धरला.

"माहीत न्हाई," ती म्हणाली. "बराबर, मास्तर?"

सरांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

भाचा चहा घेऊन आला. कप पुढे केले. पण दोघांचेही हात तसेच उघडे होते, आणि कप धरायला दोघांपैकी कुणीही हात खाली घेतला नाही.